लाइनबॅकरचं वजन किती असावं : २२०, २३५ की २५५ पौंड?

माझा भाचा अकरावीत आहे. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात लाइनबॅकर (पुढच्या फळीमागचा बचावपटू) खेळतो. उंची ६ फूट १ इंच, वजन २०५ पौंड. गेल्या महिन्यात त्याने विचारलं, "मामा, कॉलेजात आणि जमलं तर त्याच्याही पुढे खेळायचं, तर मी किती वजनाचा व्हायला हवं?" एका प्रशिक्षकाने त्याला २४५ चा आकडा दिला होता. दुसऱ्याने सांगितलं होतं, आहेस तसा राहा, वेग घालवू नकोस. दोघेही खेळ जाणणारे, आणि पोरगं मधे अडकलेलं.

मी वीस वर्षं न्यू जर्सीत हा खेळ जीव लावून बघतो आहे. त्याला घाईघाईने काहीतरी सांगून मोकळं व्हायचं नव्हतं. म्हणून एनएफएलमधले (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले) नावाजलेले लाइनबॅकर शरीरयष्टीनुसार समोरासमोर ठेवून पाहिले. ज्यांच्या घरात हाच प्रश्न आहे, त्यांच्यासाठी ते इथे मांडतो. (सोयीसाठी: २२० पौंड म्हणजे १०० किलो, २३५ म्हणजे साधारण १०७ आणि २५५ म्हणजे ११६.)

आधी कोणता लाइनबॅकर, ते ठरवा

या एका नावाखाली दोन वेगळी कामं चालतात, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. पिट्सबर्गचा टी. जे. वॉट ६ फूट ४ इंच आणि २५२ पौंडांचा. २०२१ मध्ये त्याने साडेबावीस सॅक केले, म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडू हातात असतानाच पाडलं. पण तो दोन्ही संघ समोरासमोर उभे राहतात त्या रेषेच्या टोकाला उभा राहून क्वार्टरबॅकवर धावून जातो. डेन्व्हरकडून सुपर बोल ५० चा (एनएफएलच्या अंतिम सामन्याचा) सर्वोत्तम खेळाडू ठरलेला व्हॉन मिलर (६ फूट ३ इंच, २५० पौंड) त्याच कामाचा. आक्रमणाच्या फळीतल्या ३००-३१५ पौंडांच्या टॅकलशी दर स्नॅपला (दर वेळी चेंडू खेळात आला की) झोंबायचं, तर २४५ ते २६५ पौंड आणि लांब हात लागतातच. त्यात फारसा वाद नाही.

वाद आहे तो रेषेच्या मागे चार-पाच यार्डांवर उभं राहणाऱ्या मधल्या लाइनबॅकरबद्दल. माझा भाचा तिथे खेळतो. त्याला धावणाऱ्याला अडवायचं असतं, टाइट एंडच्या (ब्लॉक करणाऱ्या आणि पासही घेणाऱ्या धिप्पाड खेळाडूच्या) मागे पळायचं असतं आणि मधूनच क्वार्टरबॅकवर चालूनही जायचं असतं. इथून पुढचं सगळं त्याच जागेबद्दल.

जड गडी : २५० आणि वर

न्यू इंग्लंडचा डाँटा हायटॉवर, ६ फूट ३ इंच, २६० पौंड. फेब्रुवारी २०१५ मधल्या सुपर बोलमध्ये सिअ‍ॅटलचा मार्शॉन लिंच गोल रेषेकडे झेपावला आणि हायटॉवरने त्याला एक यार्ड आधी खाली आणलं. लोकांना आठवतो तो पुढच्याच चेंडूवर न्यू इंग्लंडच्याच माल्कम बटलरने मधेच पकडलेला सिॲटलचा पास. पण हायटॉवर तिथे तोकडा पडला असता, तर तो पास फेकलाच गेला नसता. लिंच २१५ पौंडांचा होता आणि अंगावर माणसं घेऊन पुढे सरकण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. अशा वेळी समोरच्याच्या अंगात भार असावाच लागतो.

त्याच्याही आधीचं टोकाचं उदाहरण नव्वदच्या दशकातल्या पिट्सबर्गच्या लेव्हॉन कर्कलंडचं. कागदावर २७० च्या वर वजन, आणि तरी पासच्या मागे सहज पळायचा. पण असं शरीर आणि असे पाय एका माणसात येणं इतकं दुर्मीळ आहे की त्यावरून कोणी आपला आराखडा आखू नये.

जड लाइनबॅकर ज्यांच्याशी झुंजण्यासाठी घडवले गेले, ते फुलबॅक (धावणाऱ्यापुढे वाट काढणारे जड गडी) आता थोड्याच संघांकडे उरलेत. मियामी, सॅन फ्रान्सिस्को अशा संघांच्या डावपेचांत सगळा भर बचावाला आडवं पळवण्यावर. मैदानाची रुंदी १६० फूट, म्हणजे जवळजवळ ४९ मीटर. एवढ्या पट्ट्यात क्रिश्चन मकॅफ्रीसारखा २१० पौंडांचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) पास घ्यायला बाजूला सरकला, की २५५ पौंडांचा माणूस त्याच्या पाठीमागेच राहतो. मग प्रशिक्षक काय करतो? तिसऱ्या डाऊनला (दहा यार्ड गाठायच्या चार संधींतल्या तिसऱ्या वेळी, जेव्हा बहुधा पास येतो) त्याला बाहेर बसवतो.

हलका गडी : २१० ते २२५

२०१४ मध्ये ॲरिझोनाने डिओन ब्युकॅननला ड्राफ्टच्या (कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीत सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) म्हणून घेतलं आणि २११ पौंडांच्या त्या मुलाला सरळ लाइनबॅकरच्या जागी उभं केलं. दोन-तीन मोसम ते झकास चाललं. टाइट एंडबरोबर तो पळू शकत होता आणि कडेला जाणारी धाव तो सुरुवातीलाच गाठत होता. पुढे प्रशिक्षक बदलले, रचना बदलली, आणि २०१८ च्या मोसमानंतर त्याचा तिथला मुक्काम संपला. हलक्या लाइनबॅकरची खरी अडचण यात दिसते. तो एका विशिष्ट रचनेत फुलतो. ती रचना आखणारा माणूस गेला, की त्याला पुन्हा पहिल्यापासून स्वतःला सिद्ध करावं लागतं.

क्लीव्हलंडचा जेरेमाया ओवुसू-कोरामोआ हा याच वजनाचा अलीकडचा नमुना. त्याची झेप बघताना डोळ्याचं पातं लवू नये असं वाटतं. पण या गटातल्या कुणाचाही खेळ बघताना नजर त्याच्या पुढ्यात उभ्या असलेल्या दोन डिफेन्सिव्ह टॅकलवर (पुढच्या फळीतल्या मधल्या जड बचावपटूंवर) टाका. त्यांनी समोरच्या संघाच्या गार्डना (वाट मोकळी करणाऱ्या जड ब्लॉकरना) अडकवून ठेवलं, तर हलका गडी मोकळा धावतो. नाही ठेवलं, तर ३१५ पौंडांचा गार्ड दर दुसऱ्या चेंडूला त्याच्या छातीवर येतो, आणि चौथ्या क्वार्टरपर्यंत त्याचे खांदे बोलायला लागतात.

हा मुद्दा मोठ्या नावांनाही लागू आहे. २००० सालच्या बॉल्टिमोर रेव्हन्सनी १६ सामन्यांत फक्त १६५ गुण दिले आणि रे लुइस त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. पण त्याच्या पुढ्यात टोनी सिरागुसा आणि सॅम ॲडम्स ही सव्वातीनशे पौंडांच्या पुढची दोन माणसं भिंतीसारखी उभी असायची. लुइस स्वतः २४० पौंडांचा, म्हणजे हलका मुळीच नव्हे. त्यालाही त्या भिंतीचा फायदा होत होता, मग २१५ वाल्याला ती किती लागत असेल!

मधला गट : २३० ते २४२

आकडे समोर ठेवले तेव्हा मला सगळ्यात जास्त खिळवलं ते या पट्ट्याने. रे लुइस ६ फूट १ इंच, २४०. पॅट्रिक विलिस ६ फूट १ इंच, २४०. बॉबी वॅगनर ६ फूट, २४२. ल्यूक कीकली ६ फूट ३ इंच, २३८. लव्हॉन्टे डेव्हिड ६ फूट १ इंच, २३३. फ्रेड वॉर्नर ६ फूट ३ इंच, २३०. टॅम्पा बेचा डेरिक ब्रूक्स ६ फूट, २३५. वेगवेगळी दशकं, वेगवेगळ्या रचना, आणि वजनात फरक जेमतेम बारा पौंडांचा.

यातला ब्रूक्स माझा विशेष लाडका. प्रशिक्षक टोनी डंजी आणि मॉन्टी किफिन यांनी टॅम्पात जो बचाव उभा केला, त्यात लाइनबॅकरांना सेफ्टीइतकं पळावं लागायचं. २००२ च्या मोसमात ब्रूक्स सर्वोत्तम बचावपटू ठरला, आणि जानेवारी २००३ च्या सुपर बोलमध्ये त्याने ओकलंडचा पास पकडून ४४ यार्ड पळत टचडाऊन केला. पुढे दोन यार्डांच्या धावेवर गार्डला अंगावर घेणाराही तोच. असा माणूस पहिल्या डाऊनला जड फळीसमोर चालतो आणि तिसऱ्या डाऊनलाही मैदानावरच राहतो.

आज बहुतेक संघ निम्म्याहून जास्त स्नॅप पाच डिफेन्सिव्ह बॅक (पास अडवणारे मागचे बचावपटू) घेऊन खेळतात, त्यामुळे तेव्हा मैदानावर मधले लाइनबॅकर दोनच उरतात. तिसऱ्याला बाकावर बसावं लागतं. म्हणून मी भाच्याला एकच कसोटी दिली: तिसरा डाऊन, सात यार्ड हवेत, अशा वेळी तू मैदानावर असशील का? ज्या वजनाला याचं उत्तर 'हो' येतं, ते तुझं वजन.

वजन वाढवताना नेमकं काय मिळतं

शाळेतला संवेग आठवा: वस्तुमान गुणिले वेग. २२५ पौंडांचा, म्हणजे १०२ किलोचा खेळाडू सेकंदाला ७ मीटर वेगाने धडकला, तर संवेग ७१४ च्या आसपास. आता त्याने २५ पौंड चढवले, पण त्या नादात वेग ६.३ मीटरवर आला. संवेग तेवढाच, ७१४. धडकेची ऊर्जा तर वेगाच्या वर्गावर चालते, म्हणजे ती आधीपेक्षा कमी झाली. शिवाय दोन सेकंदांच्या धावेत तो जवळजवळ दीड मीटर मागे पडला, म्हणजे धडक बसेलच याची खात्री नाही.

थोडक्यात, पंचवीस पौंड घालून दहा टक्के वेग गेला तर हाती काहीच लागत नाही, उलट गुडघ्यांवर बोजा वाढतो. वेग टिकवून दहा पौंड आले, तर ते दहाही अस्सल. कीकलीने २०१२ च्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचणीत) २४२ पौंडांवर ४० यार्ड ४.५८ सेकंदांत काढले होते. वजन आणि घड्याळ असं एकत्रच वाचायचं.

उंचीचं काय?

उंचीबद्दल लोक उगाच फार काळजी करतात, असं माझं मत आहे. सॅम मिल्स आमच्या न्यू जर्सीचा. ५ फूट ९ इंच, २२९ पौंड. माँटक्लेअर स्टेटसारख्या छोट्या कॉलेजातून आलेला, ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नाही, क्लीव्हलंडने सरावातूनच परत पाठवला. काही काळ शाळेत शिकवून मग युएसएफएल या त्या काळच्या दुसऱ्या लीगमध्ये फिलाडेल्फियाकडून खेळला, १९८६ मध्ये न्यू ऑर्लिन्सला आला, पाच वेळा प्रो बोलला (मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला) गेला, आणि २०२२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात) पोहोचला. ते बघायला तो नव्हता. २००५ मध्ये कर्करोगाने गेला. त्याच्याबद्दल लिहिताना माझे हात अजूनही थांबतात.

१९९६ च्या ड्राफ्टमध्ये रे लुइस पहिल्या फेरीत गेला, आणि ५ फूट ११ इंचांचा झॅक थॉमस पाचव्या फेरीपर्यंत थांबला. आज दोघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. लंडन फ्लेचर ५ फूट १० इंच, त्याला तर ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही, आणि तो सोळा मोसमांत २५६ सामने एकही न चुकवता खेळला. पण नीट बघा: थॉमस आणि फ्लेचर दोघांचंही वजन २४० च्या आसपास. बुटका म्हणजे हलका नव्हे. उलट ठेंगण्या माणसाला गार्डच्या खांद्याखाली शिरणं सोपं जातं, आणि रेटारेटीत जो खाली तो वरचढ.

उंचीचा खरा फायदा पासच्या वेळी होतो. शिकागोचा ब्रायन अर्लाकर ६ फूट ४ इंच, २५८ पौंड. कॉलेजात सेफ्टी खेळलेला. मधून मागे पळत जाऊन तो हात वर करायचा, तेव्हा क्वार्टरबॅकला फेकायला फटच दिसत नसे. पण अर्लाकर हा अपवाद. इतक्या उंच मुलाला कमरेत वाकून खेळता येत नसेल, तर ती उंची ब्लॉकरच्या पथ्यावर पडते. उंचीपेक्षा मी हातांची लांबी मोजेन. ३२-३३ इंच असतील तर ब्लॉकरला अंतरावर ठेवता येतं.

आणि एक गोष्ट टेपने मोजता येत नाही. कबड्डीत चांगला कोपरारक्षक चढाईपटूच्या पहिल्या पावलावरून ओळखतो की हा बोनसला जाणार की हात मारायला. कीकली तसा होता. चेंडू हलण्याआधीच तो सोबत्यांना ओरडून सांगायचा की धाव कुठून येणार, आणि ती तिथूनच यायची. अर्धा सेकंद आधी निघणाऱ्याला कमी वेगही पुरतो. पण तोच कीकली डोक्याला वारंवार मार बसल्यावर जानेवारी २०२० मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्त झाला. आई-वडिलांनी पौंडांच्या हिशेबात हेही धरावं.

मग भाच्याला काय सांगितलं

२४५ चा नाद सोड. ६ फूट १ इंच उंचीला कॉलेज संपेपर्यंत २३०-२३५, आणि ते चार-पाच वर्षांत, वर्षाला सहा-सात पौंडांच्या हिशेबाने. तुझ्या संघाचा बचाव ३-४ चा (पुढच्या फळीत तीन, मागे चार लाइनबॅकर) असेल आणि पुढची फळी दणकट नसेल, तर वरच्या आकड्याकडे झुक. चार जणांची चपळ फळी असेल, तर २२५ वरही चालेल. टोकाला उभं राहायची इच्छा असेल तर सगळं गणित बदलतं, पण तुझ्या पायांचं काम मधे आहे.

माझ्या बहिणीला वाटत होतं की भात-तूप वाढवलं की झालं. तिला समजावलं की पोट वाढवायचं नाहीये, मांड्या आणि पाठ वाढवायची आहे. आता डब्यात अंडी, पनीर, उसळ आणि दही जास्त, आणि झोप नऊ तास. दर सहा आठवड्यांनी तो वजन करतो आणि त्याच दिवशी ४० यार्ड पळतो. दोन्ही आकडे एकाच ओळीत लिहितो. वजन वाढलं आणि वेळही वाढली, तर पुढचे सहा आठवडे वजन तिथेच थांबवायचं, असं ठरलंय. या शनिवारी तो २०८ भरला, आणि वेळ मागच्या खेपेइतकीच आली.