कन्कशननंतरच्या उपचारांसाठी वाशीतील पुनर्वसन केंद्र : एका पालकाचा अभिप्राय

कबड्डीच्या सरावात डोके आपटल्यानंतर सीटी स्कॅनमध्ये काही आढळले नाही, तरी आमच्या दहावीतल्या मुलीची डोकेदुखी, उजेडाचा त्रास आणि वाचलेले लक्षात न राहणे महिना उलटूनही कमी होईना, म्हणून आम्ही ठाण्याहून वाशीच्या या केंद्रात आलो. स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा हाड मोडलेले दिसते, कन्कशनमुळे, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला बसलेल्या धक्क्यामुळे, त्याच्या कार्यात झालेला बिघाड सहसा दिसत नाही, हे नीट समजावून सांगणारे डॉक्टर आम्हाला येथेच भेटले.

न्यूरॉलॉजिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ मोठ्या रुग्णालयांतही एकाच इमारतीत असतात, पण ते एकमेकांशी बोलतातच असे नाही. येथे ते काम समन्वयक मॅडम करतात. मुलीची झोप आणि डोकेदुखी यांची नोंद त्या फोनवरून घेतात, ती तिन्ही तज्ज्ञांपुढे ठेवतात आणि शाळेशी बोलून अर्धवेळ हजेरी व चाचणीला जादा वेळ मिळवून देतात. आधी आम्हाला अंधाऱ्या खोलीत पूर्ण विश्रांतीचा सल्ला मिळाला होता. येथे मात्र ट्रेडमिलवर हृदयाच्या किती ठोक्यांना त्रास वाढतो ते पाहून त्याखालच्या वेगाने रोजचे चालणे सुरू केले, आणि डोके दुखले की पुन्हा इजा झाली, या तिच्या धास्तीवर मानसोपचारतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे काम केले.

समन्वयाची ही पद्धत केंद्राने शोधलेली नाही. सिएटलमध्ये 11 ते 17 वर्षांच्या 49 मुलांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा महिन्यांनंतर तीव्र लक्षणे राहिलेल्यांचे प्रमाण समन्वित उपचार घेणाऱ्यांत सुमारे 13 टक्के, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत सुमारे 42 टक्के होते. चाचणी लहान होती, त्यामुळे हमखास गुणाची अपेक्षा मी ठेवली नव्हती.

उणिवाही आहेत. उजेड आणि आवाज सोसत नाही अशा रुग्णांच्या प्रतीक्षाकक्षात प्रखर दिवे आणि मोठ्या आवाजातला टीव्ही कशासाठी, हे मला अजून उमगलेले नाही. संध्याकाळच्या वेळा क्वचितच मिळतात, आणि गर्दीची ट्रान्स-हार्बर लोकल अशा मुलांना झेपत नाही. व्हिडिओवरून भेटीची सोय आहे, पण ती आपणहून मागावी लागते. संपूर्ण पॅकेजचे पैसे तपासणीआधीच भरायला सांगतात. आम्ही आग्रह धरल्यावर पहिल्या तपासणीचे शुल्क वेगळे घेतले, तेव्हा इतरांनीही तसेच मागावे.

मुलगी आता पूर्णवेळ शाळेत जाते, मात्र कबड्डीला डॉक्टरांची परवानगी अजून मिळालेली नाही.