सात महिने, अकरा रात्री : चार माणसांचा तंबू आणि कोकणातलं दव

दिवाळीच्या सेलमध्ये सहा हजार आठशेला घेतला. घुमटासारखा, दुहेरी कापडाचा, आतली जागा 240 बाय 210 सेंमी, खोक्यावर ठसठशीत 'चार माणसांसाठी'. नोव्हेंबर ते मे मिळून अकरा रात्री त्यात काढल्या. आम्ही चिपळूणचे, मी, हे, सहावीतली मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच मापाचा, याच कापडाचा तंबू पाच-सहा नावांनी विकला जातो, आणि मला सांगायचंय ते त्या सगळ्यांनाच लागू पडतं.

आधी त्या 'चार'चा हिशोब. 240 भागिले चार, म्हणजे माणशी 60 सेंमी. आमच्या घरातली एकट्याची गादीसुद्धा तीन फुटी आहे. दोन मोठी, दोन लहान आणि पायथ्याशी दोन पिशव्या, एवढंच मावतं. एकदा सासूबाई हौसेने आल्या, रात्री बारापर्यंत कशाबशा एका कुशीवर राहिल्या आणि मग गाडीची मागची सीट पाडून तिथे झोपल्या. सकाळी सगळ्यांत ताज्यातवान्या त्याच होत्या.

पहिली खेप रायगडातल्या एका धरणाच्या फुगवट्यावरच्या पैसे भरून राहायच्या कॅम्पवर. मुलांसोबतची पहिली रात्र अशाच ठिकाणी काढावी हे माझं ठाम मत. संडास आहे, दिवा आहे, गाडी शंभर पावलांवर आहे. रात्री मुलगा रडायला लागला तर गाशा गुंडाळून निघता येतं. तिथली जमीन रोलर फिरवलेल्या मुरुमाची. तंबूसोबत आलेल्या खुंट्या म्हणजे सायकलच्या स्पोकपेक्षा जरा जाड तार. पहिल्याच ठोक्याला चारातल्या दोन वाकल्या. कॅम्पवाल्या पोराने हसत आठ इंची खिळे आणून दिले. तेव्हापासून हार्डवेअरच्या दुकानातले बारा खिळे गाडीतच असतात. तक्रार फक्त गाण्यांची. साडेअकरापर्यंत स्पीकर चालू, आणि पॉलिएस्टरचं कापड आवाज काय अडवणार! आता बुकिंगच्या फोनवर मी चारच प्रश्न विचारते: संडास किती तंबूंमागे एक, पाणी कुठून येतं, स्पीकर किती वाजता बंद, आणि होडीत बसायचं तर लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का. शेवटच्या प्रश्नाला 'बघू मॅडम' असं उत्तर आलं की मी पुढे बोलत नाही.

दुसरी खेप धामापूरला, डिसेंबरात. कुडाळहून मालवणकडे जाताना लागणारं हे तळं 1530 सालचं, विजयनगरच्या मांडलिक नागेश देसायांनी बांधलेलं. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळाला. काठावर भगवतीचं देऊळ, भोवती डोंगर, माड-पोफळी. जुन्या काळी लग्नाघरी दागिने हवे असतील तर फुलांची परडी तळ्यात सोडायची, देवी दागिने द्यायची, कार्य उरकलं की परत करायचे. मग कोणीतरी परत केले नाहीत आणि ते बंद झालं, अशी गोष्ट तिथे सांगतात. माझ्या मुलीने ती ऐकून दोन दिवस त्या परत न करणाऱ्याला शिव्या घातल्या.

आम्ही तळ्याच्या काठावर तंबू ठोकला नाही. ह्यांच्या ऑफिसातल्या एकांच्या मावशींची बाग जवळच आहे, तिथे परवानगीने उतरलो. तरी मी हट्टाने पाण्याच्या बाजूची सखल जागा धरायला निघाले होते, फोटोसाठी. बागवाल्या मावशींनी तिथूनच हटकलं: "काठार नको गो बाय, हयसरच लावा. रातीची जनावरां पाण्यार येतत." ऐकलं म्हणून बरं झालं. कारण जनावरांचं एक, पण थंड हवा रात्री खाली सरकून सखल भागात साचते आणि दव तिथेच सगळ्यांत जास्त पडतं.

आणि या तंबूची खरी परीक्षा दवाचीच. पहाटे पाचला मुलगा म्हणाला, "आई, पाऊस." बाहेर चांदणं होतं. चार माणसांनी रात्रभर सोडलेला श्वास, त्यात तळ्याकाठची दमट हवा. बाहेरच्या थंड कापडाला आतून थेंब धरले होते आणि कोणाचा हात लागला की ठिबकत होते. चूक माझी. गारठा वाटला म्हणून वरच्या दोन्ही झडपा बंद केल्या होत्या. पुढच्या रात्री त्या उघड्या ठेवल्या, बाहेरचं कापड खिळ्यांनी नीट ताणून आतल्या जाळीपासून चार बोटं लांब ठेवलं, मुलांना स्वेटर घातले. ओल निम्म्याने कमी झाली. पूर्ण जात नाही. उशाशी एक पंचा ठेवायचा आणि पहाटे आतून पुसून घ्यायचं.

वरून येणाऱ्या पाण्याला मात्र तंबूने दाद दिली नाही. कापडावर '2000 मिमी' लिहिलेलं असतं. ते कापडावर उभं केलेलं दोन मीटर उंच पाणी ते झिरपू न देता पेलतं, असा त्याचा अर्थ. मेमध्ये गुहागरच्या बाजूला वळवाची सर आली, तासभर झोडपलं, शिवणीतून थेंब नाही. पण तळाच्या कापडावर गुडघा टेकला की माणसाचं सगळं वजन तेवढ्याशा जागेवर येतं आणि ओल्या जमिनीतलं पाणी वर येतं. म्हणून खाली ताडपत्री हवीच, आणि ती तंबूपेक्षा वीतभर लहान. मोठी घातली तर बाहेर राहिलेल्या कडेवर पडलेलं पाणी थेट आपल्या अंगाखाली येतं. हे मी एकदा करून पाहिलं आहे.

तिसरा प्रकार आडरानातल्या मुक्कामाचा. ह्यांच्या गावी, राजापूरकडे, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एक पाझर तलाव आहे. तिथे ना नळ ना दिवा, ना संडास. ग्रामपंचायतीत विचारून जानेवारीत दोन रात्री राहिलो. कातळात खिळासुद्धा जात नाही. दोऱ्या दगडांना बांधल्या. पाणी माणशी रोजचं चार लिटर धरून वीस-वीस लिटरचे दोन कॅन नेले, तेही भांडी घासताना कमी पडले. तलावाचं पाणी भांड्यांना घ्यायचं तर बादलीने वर आणून, साबण काठापासून साठेक मीटर लांब. शौचाचं तेच अंतर, वीतभर खोल खड्डा, वर माती. सड्यावर वीतभर माती कुठे सापडते हे दिवसाउजेडी शोधून ठेवा, रात्री बॅटरी घेऊन नव्हे. चूल आम्ही पेटवलीच नाही. जानेवारीत सड्यावरचं गवत पिवळं होऊन वाळलेलं असतं, एक ठिणगी आणि वणवा. गॅसची लहान शेगडी, कुकरमध्ये खिचडी, घरून नेलेला मेतकूट-भात.

या दोन रात्रींसाठी तंबूला पैकीच्या पैकी. तळाचं कापड भिंतींना शिवलेलं आहे आणि चेन शेवटपर्यंत लागते. कोकणच्या सड्यांवर फुरसं काही नवलाचं नाही, आणि मण्यार रात्री अंथरुणात शिरते हे गावात कोणीही सांगेल. चेन उघडी टाकणाऱ्याला आमच्याकडे दुसऱ्या दिवशी भांडी घासायची शिक्षा आहे. चपला आत, आणि सकाळी झटकून घालायच्या. विंचवाचं नाव काढलं की सासूबाईंना अजून महाडचे डॉ. बावसकर आठवतात, ज्यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातली किती माणसं वाचवली.

फेब्रुवारीत दोडामार्गातलं तिलारी ठरवलं होतं, ते रद्द केलं. दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूला 2016 पासून माकडतापाचे रुग्ण सापडतात, तो गोचिडीतून येतो आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपला तंबूचा हंगाम. मोठी माणसं पूर्ण कपडे घालून, मलम लावून जातील. पाच वर्षांच्या पोराला पाचोळ्यात लोळू नको म्हणून सांगणं माझ्याने होणार नव्हतं. त्याऐवजी फणसाडला दिवसाची चक्कर मारून आलो. जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, 1986 पासून अभयारण्य. तंबू डिकीतच राहिला. शेकरू दिसलं, मुलं खूश.

आता मोडतोड. गुहागरच्या वाळूत खिळे टिकत नाहीत. पिशव्यांत वाळू भरून, दोरी बांधून पुरल्या, तेव्हा कुठे वाऱ्यात उभा राहिला. त्याच वाऱ्यात फायबरची एक काठी जोडाजवळ उभी चिरली. ग्राहक सेवेने फोटो मागितले, पुन्हा फोटो मागितले, मग गप्प. ह्यांनी पीव्हीसी नळीचा तुकडा चढवून वर टेप गुंडाळली, अजून टिकून आहे. खाऱ्या हवेने चेन अडायला लागली, तिला मेणबत्ती घासली.

सगळ्यांत मोठं नुकसान माझ्या आळसाने झालं. धामापूरहून रविवारी रात्री आलो, ओला तंबू पिशवीतच राहिला, बुधवारी उघडला तर कोपऱ्यात काळे ठिपके आणि आंबूस वास. पातळ साबणाच्या पाण्याने मऊ फडक्याने पुसून सावलीत वाळवला, वास गेला, ठिपके राहिले. आतल्या बाजूचा जलरोधक थर दमट हवेत हळूहळू चिकट होऊन सुटतो, म्हणून पावसाळ्यात कंपनीच्या घट्ट पिशवीत कोंबू नका. माझा सध्या जुन्या सुती चादरीत सैल बांधून माळ्यावर खिळ्याला टांगला आहे, उंदरांपासून हातभर लांब.

पुन्हा घेईन का? घेईन, पण सहा माणसांचा, ज्याच्या झडपा मोठ्या आहेत असा, आणि खुंट्यांचे पैसे वेगळे धरून. खालची ताडपत्री मात्र नवीन घ्यावी लागेल. ती सासूबाईंनी मृगाच्या आदल्या दिवशी परसातल्या लाकडांवर टाकली आणि आता काढू देत नाहीत.