एकट्याने पावसाळी रान पाहायचंय: चोर्ल्याचं इको-लॉज की आंबोलीतलं घर?

दोन्हीकडे पाऊस तोच, धुकं तेच आणि जळवाही त्याच. चोर्ला गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या तिठ्यावर, पणजी-बेळगाव रस्त्यालगत. आंबोली सावंतवाडीहून बेळगावकडे चढणाऱ्या घाटाच्या माथ्यावर. दोन्हीकडे मी एकटाच राहिलोय, म्हणून बोलण्याचं धाडस करतो. कुटुंबाला घेऊन जाणार असाल तर पुढचं फारसं कामाचं नाही.

आधी पैशांचं. इको-लॉजचा दर जोडप्याच्या हिशोबाने असतो. एकट्याला थोडी सूट मिळते, पण निम्मे पैसे कुणी घेत नाही. शेजारच्या रिकाम्या उशीचंही भाडं भरावं लागतं. आंबोलीत घरगुती मुक्कामाचा हिशोब बहुधा माणशी होतो. एसटीने उतरून चालत घर गाठता येतं, हेही आलंच. चोर्ल्यात मुख्य रस्त्यापासून आतला टप्पा लॉजच्याच गाडीवर अवलंबून.

बाकी लॉज सुखाचं, यात वाद नाही. लाकडी कॉटेज, समोर दरी, कोरडं पांघरूण. कोरड्या पांघरुणाची किंमत जुलैत कळते. आंबोलीतल्या खोलीत भिंतींना ओल होती, वीज कधी जाईल याचा नेम नव्हता आणि ओले मोजे चुलीशेजारी टांगावे लागले. पण सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि रात्री कुळथाची पिठी मिळाली, त्यामुळे माझी तक्रार नाही.

माझं मत बनलं ते रात्रीच्या फेरीवर. लॉजमध्ये अंधार पडला की सगळ्या पाहुण्यांना मिळून एकदाच नेतात. निसर्ग-मार्गदर्शक जाणता होता, पण एकटाच. मागे आम्ही दहा-बारा जण, प्रत्येकाच्या हातात विजेरी. टाकीवर झुकलेल्या एका पानावर मलबारी उडत्या बेडकांची जोडी दिसली. मादी मागचे पाय फिरवून फेस घुसळत होती, नर तिच्या पाठीला चिकटलेला. अंड्यांभोवती पांढरा गोळा हळूहळू फुगत होता. या घरट्यातून पुढे बेडूकमासे थेट खालच्या पाण्यात पडतात. हे काम निवांत चालतं, पण आमच्या गटाला घाई होती. चार फ्लॅश उडाले, कुणीतरी ‘साप कधी दाखवणार?’ विचारलं आणि जेवणाची वेळ झाली म्हणून सगळे वळलो. मागे एकट्याने थांबायला मनाई, आणि त्या अंधारात तो नियम योग्यच. दोष कुणाचाच नाही. पण एकट्याने जायचं ते आपल्या चालीने पाहता यावं म्हणूनच ना? नेमकं तेच हातून जातं. शिवाय खर्च दोघांचा आणि वेळापत्रक बारा जणांचं, हे मला काही केल्या पचलं नाही.

आंबोलीत गावातला एक वाटाड्या ठरवला. त्याचे पैसे एकट्याने द्यायचे म्हणजे खिशाला बसतंच, पण तो माझ्याबरोबर बसून राहिला. कातळाच्या सड्यावर, जेमतेम बोटभर पाण्याच्या डबक्यांत, वाघासारख्या पट्ट्यांचे आंबोली टोड, म्हणजे बेडकांचेच भाऊबंद, जोड्या जमवत होते. २००९ मध्ये ही जात शास्त्राला नव्याने कळली. आंबोलीच्या आसपासचा चिमुकला टापू हेच तिचं घर, आणि ती अतिसंकटग्रस्त गणली जाते. जोर असतो पहिल्या मोठ्या सरींना, म्हणून यांच्यासाठी जून गाठावा. गाडी घेऊन गेलात तर रात्री सावकाश हाका, ते रस्त्यावरही येतात. परतताना कारवीच्या झुडपांत एक मलबारी चापडा, म्हणजे विषारी साप, दिसला. त्याच्यापाशी किती वेळ थांबायचं, ते आम्ही दोघांनीच ठरवलं.

दिवसा हिरण्यकेशी नदीच्या उगमाला जाऊन या. तिथल्या देवळाच्या कुंडातल्या माशाला २०२० मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळालं आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. शनिवार-रविवारी मात्र आंबोलीचं नाव काढू नका. धबधब्यापाशी गाड्यांची रांग, वडापाव आणि कर्कश गाणी. त्या दोन दिवसांपुरतं चोर्लाच बरं.

पहिल्यांदाच जात असाल, बेडूक आणि पालापाचोळा यांतला फरक अजून डोळ्यांना कळत नसेल, तर लॉजमधला मार्गदर्शक पैसे वसूल करून देईल. एकट्या बाईमाणसाला रात्री-अपरात्री दिवे आणि माणसांची जाग असलेलं लॉज जास्त बरं वाटू शकेल. एका मैत्रिणीचं मत तसंच आहे आणि ते खोडण्याचा मला अधिकार नाही.

मी स्वतः मात्र पुन्हा आंबोलीलाच जाईन, आणि तेही आठवड्याच्या मधल्या दिवसांत. तुम्ही चोर्ला ठरवलंत तर बुकिंगआधी फोनवर एवढं विचारा: जादा पैसे दिले तर रात्री एकट्याला वेगळा माणूस मिळेल का, आणि जेवण झाकून ठेवाल का? दोन्हीला ‘हो’ आलं, तर माझा अर्धा आक्षेप तिथेच मिटतो.