इंग्लिश लेखिका नॅन्सी मिटफर्ड वाचायचीय, पण पत्रं आधी की चरित्र?

माझी दोन्ही वाचून झालीत. एक शार्लट मॉस्लीने संपादित केलेली पत्रं, 'लव्ह फ्रॉम नॅन्सी' (१९९३), दुसरं सेलिना हेस्टिंग्जने लिहिलेलं चरित्र (१९८५). सहा बहिणी, त्यातली एक (डायना) ब्रिटिश फॅसिस्ट पुढारी ऑस्वल्ड मॉस्लीची बायको, एक हिटलरच्या नादी लागलेली, एक (जेसिका) कम्युनिस्ट, ही सगळी भानगड तुम्हाला माहीतच असणार, ते सोडा.

मजा म्हणाल तर पत्रांतच. युद्धात कर्झन स्ट्रीटवरच्या पुस्तकाच्या दुकानात नोकरी करत होती तेव्हाचं असो की नंतर पॅरिसहून कादंबरीकार मित्र एव्हलिन वॉला लिहिलेलं असो, बाई दोन ओळीत समोरच्याची पार वाट लावते. तरी मी पहिल्यांदा वाचताना अडकलो. कारण? सुझन. ही सुझन कोण म्हणून मी किती पानं मागेपुढे केली असतील! तर नॅन्सी जेसिकाला सुझन म्हणते आणि जेसिका नॅन्सीला पण सुझनच म्हणते. वर धाकट्या बहिणीला, डेबराला 'नाइन', कारण काय तर तिची अक्कल म्हणे नऊ वर्षांच्या पोरीएवढी. आणखी एक बहीण पामेला म्हणजे 'वुमन'. तळटीपा आहेत हो, पण जोक वाचायचा की खाली बघायचं? आमच्या घरात पण दोन बाळूकाका आहेत, पण निदान ते एकमेकांना बाळू म्हणत नाहीत.

शेवटी वैतागून चरित्र घेतलं, आणि मग लक्षात आलं की पत्रांतली नॅन्सी ज्याला लिहितेय त्याच्यापासून बरंच काही लपवते. १९३५ च्या कादंबरीत तिने मॉस्लीच्या फॅसिस्ट ब्लॅकशर्टवाल्यांची टर उडवली, डायना भडकली, ती कादंबरी नॅन्सीने पुढे परत छापू दिली नाही, इथपर्यंत ठीक. पण १९४० मध्ये डायना धोकादायक आहे असं सरकारी अधिकाऱ्याला जाऊन सांगितलं, डायना तुरुंगात गेली, आणि नंतर तिलाच आयुष्यभर प्रेमाने पत्रं लिहिली! नॅन्सी १९७३ ला गेली तोपर्यंत डायनाला याचा पत्ताच नव्हता. हे आधी ठाऊक असेल तर ती पत्रं वेगळीच लागतात.

चरित्रात हसायला कमी येतं, मान्य. आणि तुम्हाला मिटफर्ड मंडळी आधीच तोंडपाठ असतील तर डायरेक्ट पत्रं घ्या, माझं काही म्हणणं नाही. नवीन असाल तर मात्र मी आपला चरित्रच हातात देईन. पत्रं आता माझ्या उशाशी असतात, 'डार्लिंग सुझन' दिसलं की खाली न बघता कळतं.