दुरुस्तीला दिलेली मशीन आणि पावतीच्या मागचे '३० दिवस'

मी पुण्यात धायरीला घरी ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. माझी ओव्हरलॉक मशीन (कापडाची कड उसवू नये म्हणून बांधणारी) बारा वर्षं वापरातली. दोरा ओवायच्या रंगीत खुणा पुसल्या गेल्या म्हणून मीच नेलपॉलिशचे ठिपके दिले होते. लाल, गुलाबी आणि लेकीच्या बाटलीतला एक भयानक निळा.

आषाढीनंतर मशीन टाके सोडायला लागली. रिक्षात घालून रविवार पेठेतल्या एका दुकानात नेली. मालक म्हणाला, "लूपर बदलावा लागेल ताई, पंधरा दिवस धरा." पाचशे रुपये अॅडव्हान्स दिला आणि पावती पर्समध्ये टाकली. मागची बाजू वाचलीच नाही.

नेमकी तेव्हाच कराडला आई पडली, खुबा मोडला. दोन महिने मी तिकडेच. दर पंधरवड्याला फोन मात्र करत होते. विसर्जनानंतर त्याचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला, "पार्ट मुंबईवरून यायचाय."

दसरा झाल्यावर दुकानात गेले तर म्हणे, "फार उशीर केलात, भंगारात गेली." माझीच पावती उलटी करून दाखवली. '३० दिवसांत वस्तू न नेल्यास दुकानदार जबाबदार नाही.' खरं सांगते, मला ते पटलं. छापलेलं होतं, चूक माझीच वाटली. पायरी उतरताना तिथला पोऱ्या सहज बोलून गेला, "नेलपॉलिशवाली ना? ती गणपतीच्या आधीच फुरसुंगीच्या पार्टीला दिली की."

म्हणजे पार्ट यायचाय म्हणून मला थोपवत होता, तेव्हा मशीन विकून मोकळा झाला होता.

वहिनींची भाची वकिली करते. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, तीस दिवस कधीपासून? दिल्यापासून, की दुरुस्त झाली असं त्याने कळवल्यापासून?" त्याने तर कधी कळवलंच नव्हतं.

तिच्याकडून जे कळलं ते मुद्दाम लिहिते. दुरुस्तीला दिलेली वस्तू आपलीच राहते, दुकानदार फक्त राखणदार. भारतीय करार कायदा, १८७२ याला निक्षेप म्हणतो. साधा समंजस माणूस स्वतःची वस्तू सांभाळेल तशी ती सांभाळायची, असं कलम १५१ सांगतं. काम करून दिलं आणि मजुरी मिळाली नाही, तर कलम १७० प्रमाणे त्याला वस्तू अडवून ठेवता येते. अडवून ठेवता येते, विकता येत नाही. गहाण ठेवलेली वस्तू रीतसर नोटीस देऊन विकता येते (कलम १७६), पण दुरुस्तीवाल्याला हे कलम तसा हक्क देत नाही. आणि माझ्या मशीनचं तर कामच झालं नव्हतं, मग अडवायची तरी कशाबद्दल?

छापील ओळींचंही तसंच. हरवलेल्या कपड्याच्या किमतीचे फक्त १५ टक्के देऊ, अशी लॉन्ड्रीच्या पावतीवरची अट मद्रास उच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच मोडीत काढली होती. दुकानात मालकाने तोंडावर टाकलेली पावती मी मात्र आठ दिवस घाबरून जपून ठेवली.

चौकीत "हा दिवाणी मामला" असं ऐकून परत आले. परस्पर विकणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो, हे तेव्हा माहीत असतं तर एवढ्यावर उठले नसते. मग स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. सोबत पावतीची झेरॉक्स, फोनच्या तारखा, तो मुंबईचा मेसेज आणि ठिपके दिसणारा मशीनचा फोटो. फोटोही नशिबाने मिळाला, लेकीने रील काढलं होतं त्यात. ग्राहक आयोगात जायचीही तयारी होती. शिलाई धंद्याची मशीन म्हणजे आपण ग्राहक नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका; फक्त स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा वापर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी हेतूचा धरत नाही. मुदत दोन वर्षं, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर तक्रार करता येते, वस्तू-सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून विचारलंत तरी चालेल.

आठव्या दिवशी त्याचाच फोन. "एवढं कशाला ताई?" दोन हप्त्यांत नऊ हजार दिले. तशीच जुनी मशीन मला पंधराला पडली. भाची म्हणाली, सोडू नका. पण दिवाळीचे ब्लाउज दारात येऊन पडले होते, मी सोडलं.

आता स्वतःचंही सांगते. माझ्या कपाटात न नेलेले तेवीस ब्लाउज निघाले. गेल्याच वर्षी त्यांची गोधडी शिवायचा बेत होता. त्याच १८७२ च्या कायद्यात शिंप्याचं उदाहरण आहे. कोट तयार होताच देईन, पैशांना तीन महिने थांबेन असं कबूल केलं असेल तर त्याला कोटसुद्धा अडवता येत नाही. एकेकीला मेसेज केले. परवा नऱ्ह्याच्या एक बाई येऊन आपला मोरपंखी ब्लाउज घेऊन गेल्या. पाच वर्षांपूर्वीचे शिलाईचे अडीचशे दिले, अंगाला लावून पाहिला आणि म्हणाल्या, "दोन्ही बाजूंनी उसवून द्याल का हो?"

पावती लिहिली. मागे काही छापलेलं नाही.