सर्वश्रेष्ठ सिनेमा: कोणाची यादी धरावी?

जगातला सर्वश्रेष्ठ सिनेमा कोणता, या प्रश्नाला आज निदान चार उत्तरं आहेत आणि चारही पुराव्यानिशी देता येतात. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाच्या समीक्षक-मतदानात २०२२ साली पहिला आला शांताल अकरमानचा 'जान डिएलमन' (१९७५). त्याच मासिकाने त्याच वर्षी दिग्दर्शकांना विचारलं, तर त्यांनी कुब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) वर नेला. आयएमडीबी या सिनेमांच्या संकेतस्थळावर प्रेक्षकांनी 'द शॉशँक रिडेम्प्शन'ला (१९९४) वर्षानुवर्षं गादीवरून हलू दिलेलं नाही. आणि ज्यांनी यातला एकही पाहिलेला नाही तेही 'सिटिझन केन'चं (१९४१) नाव घेतात, कारण पन्नास वर्षं परीक्षेतलं बरोबर उत्तर तेच होतं.

ज्याला खरोखर बसून हे सिनेमे पाहायचे आहेत आणि वेळ मोजकाच आहे, त्याने यातली कोणती यादी हाताशी धरावी? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: दिग्दर्शकांची. समीक्षकांची यादी शेजारी उघडी ठेवावी. आयएमडीबी घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहायच्या संध्याकाळसाठी. बाकीची मापं जवळपास निरुपयोगी.

समीक्षकांच्या यादीपासून सुरुवात करू, कारण सर्वात जास्त भांडणं तिच्यावरून होतात. १९५२ पासून दर दहा वर्षांनी हे मतदान होतं. प्रत्येकाने दहा नावं द्यायची. क्रम लागत नाही, दहाही मतांना सारखंच वजन. म्हणजे पहिला येणारा सिनेमा हा 'सर्वांना सर्वात थोर वाटलेला' नसतो, तर 'सर्वात जास्त लोकांच्या दहांत कुठेतरी बसलेला' असतो. २०१२ मध्ये ८४६ मतदारांपैकी १९१ जणांनी हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'चं (१९५८) नाव दिलं आणि तो पहिला आला. तीन चतुर्थांशांहून जास्त मतदारांना तो पहिल्या दहातही घ्यावासा वाटला नव्हता! त्याआधी २००२ मध्ये 'केन'ला ४६ आणि 'व्हर्टिगो'ला ४१ मतं होती. तीन जणांनी मन बदललं असतं तर 'केन'ची राजवट दहा वर्षं आधीच संपली असती.

म्हणून या यादीत पहिला नंबर ही मला सर्वात कमी माहिती देणारी जागा वाटते. पाहण्यासारखी गोष्ट आहे ती सिनेमांची ये-जा. 'व्हर्टिगो' १९८२ मध्ये सातवा होता, मग चौथा, मग दुसरा, मग पहिला. डे सिकाचा 'बायसिकल थीव्ज' (१९४८) १९५२ साली, जेमतेम चार वर्षांचा असताना, अव्वल ठरला आणि १९७२ पर्यंत पहिल्या दहातून बाहेरही पडला. रन्वारचा 'रूल्स ऑफ द गेम' (१९३९) प्रदर्शित झाला तेव्हा सडकून आपटला होता. तो १९५२ ते २०१२ प्रत्येक वेळी पहिल्या दहात राहिला. २०२२ मध्ये तेरावा. साठ वर्षांचा भरवशाचा गडी एका मतदानात संघाबाहेर.

२०२२ मध्ये एवढं काय घडलं? मतदार वाढून १,६३९ झाले. जास्त देशांतले, जास्त तरुण, जास्त स्त्रिया. तोवर एकाही स्त्री दिग्दर्शकाचा सिनेमा पहिल्या दहात आला नव्हता. या वेळी दोन आले, 'जान डिएलमन' आणि क्लेअर डेनीचा 'बो त्रावाय'. लगेच आरडाओरडा सुरू झाला की हा निकाल कलेचा नाही, राजकारणाचा आहे. पॉल श्रेडरसारख्या, 'जान डिएलमन'ची थोरवी मान्य असलेल्या अमेरिकन दिग्दर्शकानेही जाहीर नाराजी दाखवली. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. मतदार बदलले की निकाल बदलणारच. १९५२ चे मतदार तटस्थ देवदूत होते असं थोडंच आहे? आणि दिग्दर्शकांच्या यादीत हाच सिनेमा 'टोकियो स्टोरी'च्या बरोबरीने चौथा आहे. ज्यांना सिनेमा करायचा म्हणजे काय हे ठाऊक आहे, त्यांनीही त्याला फार खाली ढकललेलं नाही.

पण म्हणून सुरुवात त्याने करावी का? अजिबात नाही. हा सिनेमा तीन तास एकवीस मिनिटांचा. ब्रसेल्समधली एक विधवा, तिचा शाळकरी मुलगा, आणि तीन दिवस. ती स्वयंपाक करते, भांडी घासते, अंथरुणं घालते, खोलीतून बाहेर पडताना प्रत्येक वेळी दिवा बंद करते, दुपारी घरीच एक गिऱ्हाईक घेते आणि मिळालेले पैसे जेवणाच्या टेबलावरच्या झाकणाच्या भांड्यात टाकते. कॅमेरा हलत नाही, चेहऱ्याजवळ जात नाही. पहिला दिवस असा घड्याळासारखा जातो. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. बस, एवढंच. ते पातेलं हातात घेऊन ती घरात या खोलीतून त्या खोलीत जाते, त्याचं काय करावं हेच तिला सुचत नाही. आणि पाहणारा हादरतो, कारण या बाईच्या घरात काहीही चुकत नाही हे तासाभराहून जास्त वेळ त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. लांबी हीच या सिनेमाची हत्यारपेटी आहे. तो पळवत पाहिला तर पाहिलाच नाही असं समजावं. अकरमान तेव्हा जेमतेम पंचविशीची होती, हे मला अजूनही पचत नाही.

'सिटिझन केन'चं उलट आहे. तो लगेच कळतो, आणि म्हणूनच काहींना 'यात काय एवढं?' असं वाटतं. त्याच्यातल्या युक्त्या पुढच्यांनी इतक्या उचलल्या की मूळ माल ओळखीचा वाटतो. तरी एक प्रसंग सावकाश पाहा. बर्फात एक पोरगा खेळतोय. कॅमेरा मागे सरकतो आणि कळतं की आपण खिडकीतून पाहत होतो. मग आणखी मागे. आई पुढे येऊन टेबलाशी बसते आणि मुलाला दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्या कागदावर सही करते. बाप मध्येच उभा राहून कुरकुरतोय. आणि पार मागे, खिडकीच्या चौकटीत, ज्याच्या आयुष्याचा सौदा होतोय तो पोरगा अजून खेळतोच आहे. तिन्ही थर एकाच वेळी स्वच्छ दिसतात. ग्रेग टोलंडच्या कॅमेऱ्याची ही करामत. एकही तुकडा न जोडता अख्खी शोकांतिका सांगून झाली.

दिग्दर्शक याच्यावर का लुब्ध असतात हे इथे समजतं, आणि मी त्यांच्या यादीकडे का झुकतो तेही. त्यांचं वेगळं मतदान १९९२ पासून होतं. २०२२ मध्ये ४८० जणांनी मतं दिली. समीक्षकाला सिनेमाबद्दल लिहायचं असतं, त्यामुळे ज्याच्यावर पानंच्या पानं लिहिता येतील असा सिनेमा त्याला नकळत जवळचा वाटतो. दिग्दर्शक 'हे याने जमवलं कसं?' म्हणून पाहतो. त्यांचे पहिले तीन '२००१', 'केन' आणि 'द गॉडफादर' (१९७२). तिन्ही सिनेमे नवख्या प्रेक्षकालाही काही ना काही देतात. '२००१' मध्ये गोष्ट पुरती कळली नाही तरी डोळे तृप्त होतात. समीक्षकांच्या पहिल्या दहातल्या प्रत्येकाबद्दल मी असं छातीठोकपणे म्हणणार नाही.

दोन्ही याद्यांचा एक दोष सारखाच. हसवणारा सिनेमा यांच्याकडे कायम मागच्या बाकावर. समीक्षकांनी 'सिंगिंग इन द रेन'ला दहावी जागा देऊन जरा लाज राखली आहे, बाकी आनंदीआनंद.

आता आयएमडीबी. इथे कोणीही एक ते दहा गुण द्यावेत. पहिल्या अडीचशेत यायला किमान २५,००० मतं लागतात आणि मतं कमी असतील तर गुण सरासरीकडे ओढले जातात. 'जान डिएलमन' तिथे दिसत नाही याचं पहिलं कारण हेच: तो पाहिलेलेच कमी. 'शॉशँक'ला २५ लाखांहून जास्त मतं आहेत. पण सरासरीचा स्वभाव लक्षात घ्या. ज्या सिनेमाला निम्मे लोक दहा देतात आणि निम्मे चार, तो सात गुणांवर अडकतो; ज्याला सगळे नऊ देतात तो वर जातो. म्हणजे ही यादी 'कोणावर सर्वात जास्त प्रेम आहे' यापेक्षा 'कोणाबद्दल सर्वात कमी तक्रार आहे' हे सांगते. 'शॉशँक'बद्दल तक्रार करणारा माणूस शोधून सापडत नाही. तो थिएटरात चालला नाही, ऑस्करची सात नामांकनं मिळूनही एकही बाहुली घरी आली नाही, आणि मग व्हिडिओ कॅसेट आणि टीव्हीवर लोकांनी त्याला उचलून धरलं. तुरुंगाच्या कर्ण्यांवरून मोझार्टचा ऑपेरा सुरू होतो आणि पटांगणातले कैदी जागच्या जागी थांबून वर पाहतात, तो क्षण कोणाला आवडणार नाही? मला आवडतो. तरी तो सिनेमा मला काय वाटायला हवं हे आधीच ठरवून देतो. इथे ताज्या लाटेचा झटकाही बसतो: २००८ मध्ये 'द डार्क नाइट' आला आणि काही काळ थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला.

समीक्षकांची परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाची टक्केवारी तर या वादात आणूच नये. किती समीक्षकांनी 'बरा आहे' म्हटलं, एवढंच ती मोजते. किती बरा, ते नाही. २०२१ मध्ये ८० वर्षांपूर्वीचं शिकागोच्या वृत्तपत्रातलं एक नावडतं परीक्षण तिथे जोडलं गेलं आणि 'केन' १०० वरून ९९ वर आला. काही दिवस 'पॅडिंग्टन २' हा अस्वलाचा गोड सिनेमा त्याच्या पुढे होता. ऑस्कर एका वर्षापुरतं बोलतं, आणि 'केन'च्या वर्षी त्याने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान 'हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली'ला दिला. गल्ल्याचं म्हणाल तर आकड्यांत 'अवतार' पहिला, महागाई हिशोबात धरली की 'गॉन विथ द विंड' (१९३९).

गंमत अशी की इतक्या वेगळ्या मापांत एक नाव सगळीकडे टिकतं. 'द गॉडफादर' समीक्षकांकडे बारावा, दिग्दर्शकांकडे तिसरा, आयएमडीबीवर दुसरा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्याच्याकडे आहे आणि त्या काळी गल्ल्याचे विक्रमही त्याने मोडले. मित्रमंडळींतला वाद जिंकायचा असेल तर हेच नाव घ्या, कोणत्याही बाजूने कोंडी होणार नाही. नुसती सुरुवात पाहा: काळ्या पडद्यावर एका गरजू बापाचा चेहरा, कॅमेरा हळूहळू मागे येतोय, आणि बऱ्याच वेळाने चौकटीच्या कडेला समोरच्या माणसाचा खांदा आणि हात उमटतो. सत्ता कोणाकडे आहे ते त्याचं तोंड दिसायच्या आत कळलेलं असतं.

माझं स्वतःचं मत मात्र ओझूच्या 'टोकियो स्टोरी'ला (१९५३). २०१२ मध्ये दिग्दर्शकांनी त्याला पहिला ठरवला होता, समीक्षकांनी तिसरा. दहा वर्षांनी दोघांकडे चौथा. मुलांना भेटायला आलेले म्हातारे आईबाप, आणि कामात बुडालेली मुलं त्यांना समुद्रकाठच्या स्वस्त हॉटेलात धाडतात. तिथे रात्रभर दंगा. सकाळी दोघं धक्क्यावर बसलेली; 'आता घरी जाऊ या' एवढंच ठरतं, आणि उठताना म्हातारीला क्षणभर भोवळ येते. कॅमेरा धावत जवळ जात नाही. यात कोणी दुष्ट नाही, मुलंही नाहीत.

तर क्रम असा ठेवा: आधी 'गॉडफादर', मग 'केन', मग 'टोकियो स्टोरी'. 'व्हर्टिगो' दोनदा पाहायची तयारी असेल तरच घ्या, कारण रहस्य शेवटाच्या बरंच आधी फुटतं आणि खरा सिनेमा तिथून पुढे आहे. '२००१' मोठ्या पडद्यावर मिळेपर्यंत थांबता आलं तर थांबा. 'जान डिएलमन' शेवटी, सुट्टीच्या दिवशी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. 'शॉशँक' बहुधा तुम्ही पाहिलेलाच असेल.