डीडी फ्री डिश: मालिका-सिनेमे सहज बघणाऱ्या खान्देशी घरासाठी

जेवणं आटोपली की दोन तास टीव्ही लावायचा, जे लागलं असेल ते बघायचं, एखादा भाग चुकला तरी कुणाचं काही अडत नाही, अशी ज्या घराची सवय आहे त्या घराला डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची फुकट उपग्रह-टीव्ही सेवा, पुरते. चांगली पुरते. महिन्याचा रिचार्ज नाही, छत्री (डिश अँटेना), डबा (सेट-टॉप बॉक्स), वायर आणि बसवणावळ मिळून दीड-दोन हजारांत काम होतं. ‘फ्री डिशचं चित्र फाटतं’ अशी तक्रार जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत ऐकू येते. पण तो दोष बहुतेक वेळा सेवेचा नसून छत्री बसवण्यातला असतो. म्हणून इथे कार्यक्रमांबरोबर बसवण्याबद्दलही सविस्तर लिहिलं आहे.

आधी कार्यक्रम. दूरदर्शनची ही सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ३३ वाहिन्या घेऊन सुरू झाली. आज तिच्यावर सह्याद्री आणि दूरदर्शनच्या इतर वाहिन्यांच्या जोडीला खासगी वाहिन्याही असतात. त्यात हिंदी सिनेमे, दाक्षिणात्य सिनेमांची हिंदी रूपं, जुन्या मालिकांची पुनःप्रसारणं, बातम्या, भक्ती आणि थोडं मराठी असतं. सिनेमांच्या बाबतीत सहज बघणाऱ्याची इथे चंगळ आहे. सिनेमा वाहिन्या तोच सिनेमा थोड्याच दिवसांत पुन्हा लावतात, बरेचदा दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा दुपारी. रात्री मध्यापासून पाहिलेल्या सिनेमाची सुरुवात दुसऱ्या दिवशी बघता येते. नवा सिनेमा लगेच बघायचा असेल तर मात्र ही जागा नव्हे.

मालिकांमध्ये निवड करावी लागते. पौराणिक मालिका फ्री डिशवर सगळ्यांत छान बघता येतात, कारण कथा घराघरात पाठ असते आणि कुठल्याही भागापासून बसलं तरी चालतं. कौटुंबिक मालिकाही चालतात. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मागचा सारांश येतो आणि एकेक प्रसंग चार-चार भाग ताणलेला असतो, त्यामुळे आठवड्यातून दोनदा पाहिलं तरी धागा सुटत नाही. रहस्याची किंवा तपासाची लांब मालिका मात्र इथे लावू नये. वेळ न सांगता बदलते, मधले भाग गळतात, आणि वाहिनीच सेवेवरून गेली तर शेवट कधीच कळत नाही.

वाहिनी जाणं ही इथली नेहमीची गोष्ट आहे आणि त्यामागचं कारण माहीत असलेलं बरं. दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती ही संस्था खासगी वाहिन्यांना जागा लिलावाने देते. लिलावात जिंकलेल्या वाहिनीला ठरावीक मुदतीपुरती जागा मिळते, आणि मोठा बदल सहसा १ एप्रिलला होतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल या चार वाहिन्या एकाच वेळी फ्री डिशवरून गेल्या आणि अर्ध्यावर चालू असलेल्या मालिका बघणाऱ्यांच्या हातून सुटल्या. प्रेक्षक पैसे देत नाही म्हणून त्याला आगाऊ सांगायची गरज नाही, ही पद्धत बरोबर नाही. पंधरा दिवस आधीपासून पडद्यावर पट्टी फिरवणं दूरदर्शनला अवघड नाही. तोपर्यंत आपण एवढंच करायचं, की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आणि नंतरही एखादी वाहिनी दिसेनाशी झाली की डब्याच्या मेनूत जाऊन पुन्हा ऑटो स्कॅन करायचं. कितीतरी घरांत वर्षानुवर्षं जुनीच यादी असते आणि नव्या वाहिन्या आल्याचं कळतच नाही.

जाहिराती भरपूर असतात. नियमाने तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे, पण सिनेमा वाहिन्यांवर अडीच तासांच्या सिनेमाला सव्वातीन-साडेतीन तास धरून बसावं. जाहिरात लागली की आवाज चढतो, आणि वाहिनी बदलली तरी आवाजाची पातळी बदलते. डब्याच्या मेनूत प्रत्येक वाहिनीचा आवाज वेगळा ठरवायची सोय असली तर ती वापरा. चित्र ३२ इंची टीव्हीवर समाधानकारक असतं. ४३ इंचीवर चेहऱ्यांच्या कडा पसरतात, कारण बहुतेक वाहिन्या साध्या ५७६ ओळींच्या आहेत. जुने सिनेमे आणि जुन्या मालिका ४:३ आकाराच्या असतात. टीव्ही त्या ओढून रुंद करतो आणि सगळी माणसं बसकी दिसतात. टीव्हीचं आकारमान ‘ऑटो’ किंवा ‘४:३’ वर ठेवलं की हा त्रास जातो, फक्त दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहते. ती राहू द्या. पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या वायरीऐवजी एचडीएमआय वायर लावली तर साध्या वाहिनीचं चित्र एचडी होत नाही, पण अक्षरं आणि रंग स्वच्छ होतात.

आता छत्री. सेवा जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे आपल्या आग्नेयेला. जळगावहून छत्रीची दिशा दक्षिणेकडून पूर्वेला साधारण ४२ अंश आणि क्षितिजापासून उंची ५८ अंश येते. धुळ्याहून साधारण साडेत्रेचाळीस आणि साडेसत्तावन्न, नंदुरबारहून चव्वेचाळीस आणि सत्तावन्न. होकायंत्र चालतं, मोबाइलमधलंही चालतं, पण पत्र्याच्या छपरावर किंवा लोखंडी खांबाला टेकवून बघू नका, सुई भलतीकडे जाते. दोन-तीन मीटर लांब उभं राहून दिशा ठरवा, समोरची एखादी खूण धरा आणि छत्री त्या खुणेकडे फिरवा. एक गोष्ट सगळ्यांना गोंधळात टाकते: एलएनबीचा (थाळीसमोरच्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीचा) दांडा खालून पुढे आलेला असल्याने छत्रीची थाळी ५८ अंश मागे झुकलेली दिसत नाही. ती उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंशच झुकलेली असते. डोळ्यांना पटत नाही म्हणून आणखी झुकवली की सिग्नल जातो.

एलएनबी सरळ उभी बसवणं ही सर्रास दिसणारी चूक. छत्रीच्या मागे, उपग्रहाकडे तोंड करून उभे राहिलात तर ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जवळपास ३९ अंश फिरलेली हवी. सरळ ठेवली तरी काही वाहिन्या दिसतात, म्हणून बसवणारा तशीच सोडून जातो. मग पावसाचं नुसतं आभाळ आलं की पडदा चौकोन-चौकोन होतो.

जुळवणी करताना डब्याच्या मेनूत एलएनबीची वारंवारता ९७५०/१०६०० ठेवा आणि ११५५०, व्हर्टिकल, २९५०० हा ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचं एक प्रक्षेपण केंद्र) निवडा. पडद्यावर दोन पट्ट्या येतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ बघून छत्री कसू नका. वायर जोडलेली असली की ती पट्टी उपग्रह नसतानाही भरलेली दिसते. खरी आहे ती क्वालिटी. आधी उंची ५८ वर ठेवून छत्री डावी-उजवीकडे एकदम हळू फिरवा, एका बोटाएवढी हलवली की दोन-तीन सेकंद थांबा, कारण डब्याला सिग्नल पकडायला वेळ लागतो. क्वालिटी दिसली की उंची वर-खाली करून वाढवा, शेवटी एलएनबी थोडी मागेपुढे फिरवून सगळ्यांत जास्त आकडा येईल तिथे सोडा. नट कसताना छत्री हमखास हलते. म्हणून चारही नट आळीपाळीने थोडे-थोडे कसा आणि एका माणसाला टीव्हीसमोर बसवून ठेवा.

६० सेंटिमीटरच्या छत्रीची दिशा दीड अंश चुकली की सिग्नल निम्मा होतो. दीड अंश म्हणजे तिची कड जेमतेम पाऊण-एक सेंटिमीटर सरकणं. मे-जूनमध्ये केळीचे बाग आडवे करणारं वादळ रावेर-यावलकडे येतं, तेव्हा एवढं सरकायला काहीच लागत नाही. जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांवर खांब मातीत रोवलेला असतो आणि पहिल्या मोठ्या पावसात कलंडतो. धाब्यावर छत्री ठेवूच नये. भिंतीला ब्रॅकेट ठोका, किंवा अंगणात सिमेंटमध्ये खांब पुरा. पत्र्याच्या छपरावर लावली तर पत्र्याला नाही, खालच्या लोखंडी अँगलला बोल्ट धरला पाहिजे. खांब ओळंब्यात हवा, नाहीतर उंचीचा आकडा खोटा ठरतो.

झाडांचा हिशोब सोपा आहे. उंची ५८ अंश असल्याने आग्नेयेला पाच मीटरवर असलेलं झाड छत्रीपेक्षा आठ मीटरपर्यंत उंच असलं तरी चालतं. कडुनिंबाची पानगळ झालेली असताना छत्री बसवली आणि पालवी फुटल्यावर चित्र गेलं, असं होतं. हे तपासायची एक खात्रीची वेळ वर्षातून दोनदा येते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला अकराच्या थोडं आधी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीवर झाडाची किंवा भिंतीची सावली पडत असेल तर तेवढा अडथळा उपग्रहालाही आहे. त्याच दिवसांत काही मिनिटं चित्र आपोआप जातं आणि परत येतं. तो बिघाड नाही, सूर्याच्या किरणांत उपग्रहाचा सिग्नल बुडतो. त्या वेळी कुणालाही छत्री हलवू देऊ नका.

आपल्याकडचं ऊन हा वेगळाच शत्रू. भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. त्या तापात एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी तडकते आणि वायरीचं कव्हर उलतं. उन्हाळ्यात काहीच कळत नाही. जूनच्या पहिल्या पावसात पाणी आत शिरतं आणि सगळे म्हणतात, पावसामुळे गेलं. पेरणीच्या आधी एकदा वर चढून टोपी बघा, तडकली असेल तर एलएनबी बदला, ती फार महाग नसते. वायर आरजी-६ घ्या, आतली तार पूर्ण तांब्याची. लोखंडी तारेवर तांब्याचा मुलामा असलेली स्वस्त वायर लांब ओढली की एलएनबीला पुरेसे व्होल्ट पोचत नाहीत आणि संध्याकाळी चित्र येत-जात राहतं. घरापासून छत्रीपर्यंत तीस मीटरच्या आत राहिलं तर उत्तम, मध्ये जोड देऊ नका. एलएनबीपाशी वायरीला खाली लोंबणारा एक वेढा ठेवा, म्हणजे पाणी पिनेपर्यंत न जाता वेढ्याच्या तळाशी ठिबकतं. टोपीवर कुंभारीण माशी मातीचं घर करते, तेही सिग्नल अडवतं. सुक्या फडक्याने पुसून काढा.

लोडशेडिंगसाठी बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे राउटरला लावतात तो छोटा यूपीएस डब्यालाही चालतो. अर्थात खालच्या लेबलवरचा आकडा बघूनच जोडा. टीव्ही बंद असला तरी यूएसबीवर रेकॉर्डिंग होणारा डबा असेल तर भाग चुकत नाही. साध्या वाहिनीचा एक तास साधारण एक-सव्वा जीबी घेतो.

अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर या सेवेची खरी किंमत कळते. तिथे मोबाइलची रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते, इंटरनेटवर सिनेमा बघणं दूरच. सातपुड्याच्या दरीतही सत्तावन्न अंशांवरचा उपग्रह डोंगराआड जाणं कठीण, त्यामुळे जिथे दुसरं काही पोचत नाही तिथे हे चित्र स्वच्छ दिसतं.

पण या चित्रात आपली बोली, म्हणजे अहिराणी, नाही. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या भाषेखाली नोंदलेले १८ लाखांहून अधिक लोक आहेत, मालेगाव-बागलाणपर्यंत अहिराणी बोलली जाते, बहिणाबाई चौधरींच्या कविता शाळेत शिकवल्या जातात, आणि संध्याकाळी टीव्हीवर अहिराणीतला एक नियमित कार्यक्रम सापडत नाही. अहिराणी विनोद आणि गाणी मोबाइलवर लाखो लोक बघतात, म्हणजे बघणारा आहे. सह्याद्रीने आठवड्यातला अर्धा तास दिला तर सबंध खान्देश ती वाहिनी लावून बसेल. मराठी सिनेमांचंही तसंच, तेच ते फिरून येतात. मराठी मालिका ताज्या भागासह रोज बघायच्या असतील तर पैसे भरून घ्यायचं कनेक्शनच लागेल.

घ्यायचं ठरलं तर दुकानात डबा एमपीईजी-४ (चित्र पाठवायची नवी पद्धत) चा आहे का ते आधी विचारा आणि दुकानातल्याच छत्रीवर लावून बघा. जुने एमपीईजी-२ चे डबे अजून विकले जातात. ते शे-दोनशेने स्वस्त असतात, पण नव्या पद्धतीच्या वाहिन्या त्यांवर दिसत नाहीत, नुसता आवाज येतो किंवा तोही येत नाही.